भरभरून फुलणारे, पण न धरणारे सीताफळ

वाचकाचे पत्र, थोडक्यात: गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एक वाचक नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी गावी परतले. वडिलोपार्जित कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या मिश्र बागायतीच्या) वरच्या अंगाला, डोंगरउतारावर, त्यांनी सहा वर्षांपूर्वी सीताफळाची चाळीस कलमे लावून घेतली होती. झाडे जोमाने वाढली आणि फुलेही अमाप येतात, पण फळे धरतात ती झाडामागे जेमतेम आठ-दहा, आणि त्यांतलीही निम्मी एका बाजूने बसलेली. हाताने परागीभवन केल्यास उत्पन्न वाढते हे समजल्यापासून सीताफळाबरोबरच मानकुराद आंबा आणि भिरंड, म्हणजे कोकम, यांनाही तोच उपाय करावा, असे त्यांनी मनात घेतले आहे. इतकी वर्षे बागायत सांभाळणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाला हे मान्य नाही. 'झाडाला पेलवते तितकेच ते धरते, त्याच्या कामात माणसाने हात घालू नये,' असे ते म्हणतात. शिवाय कधीच न धरणारी तीन 'वांझ' भिरंडाची झाडे तोडून तेथे सुपारी लावावी, असाही त्यांचा विचार आहे. 'दादांना दुखवायचे नाही, पण डोळ्यांदेखत फुले गळताना पाहवत नाही. मी काय करावे?' असा या वाचकांचा प्रश्न आहे.

सीताफळापुरते तुमचे म्हणणे बरोबर असण्याचा संभव मोठा आहे, मानकुरादापुरते ते बरोबर नाही, आणि भिरंडाच्या बाबतीत तुम्ही दोघेही भाऊ एकाच गैरसमजावर उभे आहात. त्यामुळे 'करू की नको' असे एका शब्दात सांगण्यापेक्षा प्रत्येक झाडाकडे वेगवेगळे पाहू या, कारण फुलांची रचना ज्याची त्याची निराळी असते आणि एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला निरुपयोगी ठरू शकतो.

आधी फळ एका बाजूने का बसते ते पाहू. तुमच्या तक्रारीचे निम्मे उत्तर त्या वाकड्या फळांतच आहे. सीताफळ वरून एक फळ दिसत असले, तरी ते एकाच फुलातील अनेक स्त्रीकेसर वाढून एकमेकांना चिकटल्याने बनलेले असते. आपण ज्याला सीताफळाचा डोळा म्हणतो, तो प्रत्येक डोळा म्हणजे मुळात एक स्वतंत्र स्त्रीकेसर. ज्याला पराग मिळाला त्याच्यात बी धरते, बीभोवती गर भरतो आणि डोळा फुगतो. ज्याला मिळाला नाही तो खुजा राहतो आणि फळाची तेवढी बाजू बसते. या वर्षी असे एखादे वाकडे फळ हाती आले की ते मधोमध कापून पाहा. बसलेल्या बाजूला बिया नसतील, तर पराग अर्धवट पोचला होता असे खुशाल समजा. तेथे बिया आहेत पण छिद्र, काळा डाग किंवा अळीची विष्ठा दिसते आहे, असे असेल तर दोष किडीचा आहे आणि त्यावर परागाचा काहीही उपयोग होणार नाही. पत्रात तुम्ही वाकडेपणाचे वर्णन केले आहे, फळाच्या आतले मात्र काही लिहिलेले नाही. ही परीक्षा झाल्याशिवाय चाळीस झाडांचा बेत आखू नका.

पराग अर्धवट का पोचतो, याचे कारण फुलाच्या वेळापत्रकात आहे. सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, पण ते एकाच वेळी तयार होत नाहीत. फूल आधी स्त्री-अवस्थेत असते. त्या वेळी तीन जाड पाकळ्यांची टोके जराशीच विलग झालेली असतात आणि आतला स्त्रीकेसरांचा शंकू ओलसर, चकचकीत दिसतो. पुढे पाकळ्या चांगल्या फाकतात, शंकूचा ओलावा जातो आणि मग परागकोश फुटून पराग झडू लागतो. म्हणजे ज्या वेळी फूल पराग घ्यायला तयार असते त्या वेळी त्याच्यापाशी स्वतःचा पराग नसतो, आणि पराग येतो तेव्हा घेण्याची वेळ टळून गेलेली असते. या दोन अवस्थांमधले अंतर जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे काही तासांपासून सुमारे एका दिवसापर्यंत असते. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलात नेण्याचे काम निसर्गात अगदी बारीक तपकिरी भुंगेरे करतात. ते वासाने ओढले जाऊन पाकळ्यांच्या अरुंद फटीतून आत शिरतात. मधमाशी या कामाची नाही, त्यामुळे सीताफळासाठी कोणी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायला सांगितल्या तर तो खर्च करू नका.

आता दादांच्या म्हणण्याकडे वळते. 'झाडाला पेलवते तितकेच ते धरते' हे वाक्य अनुभवातून आलेले आहे आणि एका मर्यादेत ते खरेही आहे. धरलेल्या फळांपैकी जी पोसता येणार नाहीत ती झाड स्वतःच गाळते. वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा सडा मानकुरादाखाली दर वर्षी पडतो तो त्यामुळेच. पण ज्या फुलाला पराग मिळालाच नाही ते गळते, तेव्हा झाडाने काही ठरवलेले नसते. ते फूल फळ होण्याच्या वाटेवर कधी आलेलेच नसते. गळणे बाहेरून सारखेच दिसत असले, तरी या दोन गळतींत फरक आहे, आणि तुमच्या सीताफळांखाली बहुधा दुसऱ्या प्रकारची गळ होते आहे.

झाडाच्या कामात हात घालण्याविषयी बोलायचे, तर गोव्यातल्या बागायतदाराला ही गोष्ट नवी नाही. मानकुराद घरोघरी पोचला तो पोर्तुगीज काळात येथे रुजलेल्या कलमे बांधण्याच्या कलेमुळे, आणि कलम बांधणे म्हणजे झाडाच्या कामात घातलेला हातच होय. फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागांत व्हॅनिलाचे वेल दाखवतात. त्या प्रत्येक शेंगेमागे सकाळच्या वेळी कोणीतरी एकेका फुलाला हाताने पराग दिलेला असतो, कारण मेक्सिकोतून आलेल्या त्या वेलीचा कीटक तिच्याबरोबर आलेला नाही. ही युक्ती 1841 साली रेयुनियों बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली आणि आजही जगभर तीच वापरली जाते. खजुराच्या बागांत तर नराच्या फुलांचे तुरे मादी झाडावर बांधण्याची रीत हजारो वर्षांची आहे. सीताफळही मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. हे सारे दादांना वाद जिंकण्यासाठी ऐकवू नका, पण त्यांच्या मनात खरोखरच पापपुण्याची शंका असेल, तर ती फिटण्यासारखी आहे एवढे तुम्हाला ठाऊक असावे.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. तुमच्या बागेत ते भुंगेरे आहेत का? पत्रात तुम्ही फवारणीचा आणि झाडलोटीचा उल्लेख केलेला नाही. पिठ्या ढेकणासाठी ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक मारले जात असेल, किंवा उतारावरचा पालापाचोळा दर वर्षी झाडून जाळला जात असेल, तर परागाचे काम करणारे कीटकच आपण आधी मारतो आणि मग त्यांचे काम स्वतः करायला निघतो. हे भुंगेरे कुजत्या फळांत आणि ओल्या पाचोळ्यात वाढतात. फुलोरा सुरू झाला की फवारणी थांबवा, झाडांच्या बुंध्यापाशी पाचोळ्याचे आच्छादन राहू द्या आणि अननसाची साले बागेत दोन-तीन ठिकाणी सावलीत टाकून ठेवा. आंबा किंवा पेरू कुजवत ठेवू नका. त्याने फळमाशी वाढेल आणि मानकुरादाचे नुकसान होईल. हा उपाय जवळजवळ फुकटचा आहे, आणि कुंचल्याने पराग देण्याच्या आधी नसला तरी त्याबरोबर तो केलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

एवढे झाल्यावर हाताने पराग देण्याची रीत सांगते. आमच्या परसात सीताफळाची चार झाडे आहेत आणि गेली काही वर्षे मी हे काम स्वतः करते आहे. लागणारे सामान म्हणजे चित्रकलेचा मऊ, बारीक कुंचला, एक वाटी, कोरा कागद आणि रंगीत लोकरीचे तुकडे. ज्यांच्या पाकळ्या फाकू लागल्या आहेत अशी फुले आदल्या संध्याकाळी तोडून आणावीत आणि घरात कागदावर, न झाकता, एकेरी पसरून ठेवावीत. सकाळपर्यंत परागकोश मोकळे होतात आणि फूल कागदावर हलकेच टिचकावले की पांढुरकी-पिवळसर पूड पडते. ती वाटीत गोळा करून त्याच सकाळी वापरायची असते. ही पूड उन्हात आणि दमट डब्यात फार लवकर निकामी होते, म्हणून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत ती भरू नये आणि दुसऱ्या दिवसासाठी साठवण्याचा मोहही धरू नये. संध्याकाळी तोडलेल्या फुलांतून सकाळी काहीच झडले नाही, तर समजावे की आपण ती अवेळी तोडली. तुमच्या झाडांचे घड्याळ कसे चालते ते आठवडाभर नुसते पाहिल्यावर आपोआप कळते.

पराग देण्याची वेळ म्हणजे उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंतची. नुकतीच टोके विलग झालेली, आतून ओलसर दिसणारी फुले निवडावीत, डाव्या हाताने पाकळी अलगद बाजूला करावी आणि परागात बुडवलेला कुंचला शंकूभोवती तीन-चार वेळा पूर्ण फिरवावा. पूर्ण फिरवणे अतिशय महत्त्वाचे आहे. पहिल्या वर्षी मी कुंचला एकाच बाजूने टेकवत असे आणि मला मिळालेली फळे न हाताळलेल्या फळांइतकीच वाकडी होती. ते डोळ्यांचे कारण समजल्यावर हात सुधारला. फूल निवडताना ते खोडाजवळच्या किंवा जाड फांदीवरचे असावे, कारण पूर्ण भरलेल्या फळाचे वजन शेंड्याकडच्या काडीला पेलत नाही. पराग दिलेल्या फुलाच्या देठाजवळ लोकरीचा तुकडा सैल बांधावा. ज्याला पराग लागला नाही ते फूल सहसा आठवडाभरात गळते, आणि लागले असेल तर त्या जागी छोटी हिरवी गाठ टिकून राहते. ती काही दिवस वाढताना दिसत नाही, तेव्हा निराश होऊ नये.

हवेचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात स्त्रीकेसरांवरचा ओलावा लवकर सुकतो, आणि मृगाची झड लागली की पराग भिजून वाया जातो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस बहुतांश चार महिन्यांतच कोसळतो. त्यामुळे आपल्या हाती खरा काळ उरतो तो वळिवाच्या सरींपासून पावसाळ्याच्या सुरुवातीच्या उघडिपीपर्यंतचा. उतारावर पाणी नेण्याची सोय असेल तर मार्च-एप्रिलपासून झाडांना पाणी सुरू करावे, म्हणजे फुलोरा जरा आधी येतो आणि झाडाभोवतीची हवाही ओलसर राहते. पाऊस पडून गेल्यावर फुलांवरचे पाणी निथळेपर्यंत थांबावे.

किती फुलांना हात लावायचा, याविषयी तुमच्या पत्रातला उत्साह पाहून थोडी काळजी वाटते. सहा वर्षांच्या झाडावर चाळीस-पन्नास भरलेली फळे पुष्कळ झाली. त्याहून अधिक धरली तर फळे लहान राहतील, फांद्या मोडतील आणि पुढच्या वर्षी झाड दमलेले असेल; येथे दादांचे वाक्य शब्दशः खरे ठरते. चाळीस झाडे गुणिले चाळीस फुले म्हणजे सोळाशे फुले. सवय झाल्यावर मला एका सकाळी शंभरेक फुले होतात, म्हणजे तुमचा हिशेब सोळा सकाळींचा, आणि काही फुले तरीही गळणार हे धरले तर वीसपेक्षा अधिक सकाळींचा. त्या काळात लग्नसराईही असते, पावसाळ्याची बेगमीही असते, आणि सकाळी सहाला उतारावर कोण जाणार हा प्रश्न उरतोच. मजूर लावून हे काम करवून घेण्याचा विचार पहिल्या वर्षी करू नका. फुलाची अवस्था ओळखायला तुमची स्वतःची नजर तयार झाल्याशिवाय दुसऱ्याला शिकवता येणार नाही, आणि चुकीच्या फुलाला दिलेल्या परागाची मजुरी तेवढीच पडते. पहिल्या वर्षी चारच झाडे घ्या. ती हाताच्या उंचीवर राहतील अशी पुढच्या हिवाळ्याअखेर छाटा, कारण ओल्या उतारावर शिडी लावून फुले हाताळणे धोक्याचे आहे.

मानकुरादाचा बेत मात्र सोडून द्या. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुले असतात, त्यांतली बरीचशी नुसती नर असतात, आणि शेवटी एका तुऱ्यावर एखाद-दुसरे फळ टिकले तरी झाड भरलेले दिसते. ते काम माश्या आणि इतर लहान कीटक पुरेसे करतात. हाताने परागीभवन आंब्यात करतात ते नवी जात काढण्यासाठी; वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' निघाला तो असाच. तुमचा मानकुराद धरत नसेल तर तुडतुडे ही कीड, भुरी हा बुरशीचा रोग आणि मोहोराच्या वेळची ढगाळ हवा यांच्याकडे पाहा, आणि एक वर्षाआड बहरणे हा त्याचा स्वभाव आहे हेही लक्षात ठेवा.

आता त्या तीन भिरंडांविषयी. हा भाग मला सर्वांत तातडीचा वाटतो, कारण कुंचला या वर्षी घेतला नाही तर पुढच्या वर्षी घेता येईल, पण तोडलेले झाड परत उभे राहत नाही. भिरंडात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बीपासून वाढलेल्या झाडांत जवळजवळ निम्मी नर निघतात, आणि सात-आठ वर्षांनी पहिला फुलोरा येईपर्यंत कोणते झाड काय आहे ते ओळखता येत नाही. ज्यांना तुमच्या घरी वांझ म्हणतात ती झाडे बहुधा नर आहेत, आणि ज्या झाडांची सोले (फळांच्या साली) तुम्ही दर वर्षी वाळवता त्यांना पराग त्यांच्याकडूनच मिळत असावा. ती तिन्ही तोडली आणि जवळपास दुसरा नर नसला, तर धरणारी झाडेही उणी धरू लागतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यांच्याखाली उभे राहून पाहा. नर झाडाची फुले गुच्छांनी येतात आणि मध्यभागी पुंकेसरांचा झुबका असतो; मादी झाडाचे फूल बहुधा एकेकटे असते आणि त्याच्या मध्यावर लहानशी गोल गाठ स्पष्ट दिसते. तिन्ही नर निघाले तर निदान एक, मादी झाडांच्या सर्वांत जवळचे, तसेच राखावे. उरलेल्या दोहोंवर चांगल्या मादी झाडाची काडी बांधून ती मादी करून घेता येतात, आणि तसे केले तर सुपारीसाठी जागा मोकळी करण्याची गरजही राहणार नाही. काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची घ्यावी, आडव्या फांदीची घेतल्यास कलम आडवेच पसरते. हे काम स्वतः न करता तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारून जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. कुळागरात जायफळ असेल तर त्यालाही हाच नियम लागू आहे. दहा मादी झाडांमागे एक नर असला की पुरते.

नरभिरंड राखले की तेथेही कुंचल्याची गरज उरत नाही. म्हणजे तुमच्या संपूर्ण बागायतीत हाताने पराग द्यावा असे झाड सीताफळ हे एकच, आणि तेही परीक्षा करून.

ती परीक्षा दादांना बरोबर घेऊन करा, अशी माझी विनंती आहे. दोन वर्षांपूर्वी परतलेल्या धाकट्या भावाने येऊन 'तुमचे चुकत होते' असे सांगणे, हे इतकी वर्षे एकट्याने बागायत राखणाऱ्या माणसाला कसे वाटेल याचा विचार तुम्ही पत्रात केलाच आहे. तो पुढेही सोडू नका. त्या चार झाडांवर प्रत्येकी वीस फुले तुम्ही निवडा, त्यांना पराग द्या आणि लाल दोरा बांधा. त्याच झाडांवरची, त्याच आठवड्यात उमललेली आणखी वीस-वीस फुले दादांनी स्वतः निवडावीत, त्यांना कोणी हात लावू नये, आणि त्यांना पांढरा दोरा असावा. महिन्याभराने दोघांनी मिळून मोजावे, आणि फळे तयार झाल्यावर लाल दोऱ्याचे एक व पांढऱ्या दोऱ्याचे एक कापून डोळे आणि बिया पाहाव्यात. दोन्हींत फारसा फरक पडला नाही, तर कुंचला ठेवून द्या आणि खत, पाणी, सावली यांत काय उणे आहे ते दादांनाच विचारा. फरक पडला, तर पुढच्या वर्षी आणखी किती झाडे घ्यायची ते त्यांनाच ठरवू द्या. पराग दिल्यापासून फळ तयार व्हायला साधारण चार महिने लागतात, तेव्हा मेच्या पहिल्या पंधरवड्यात लाल दोरा बांधलेली काही फळे, चवथ (गणेश चतुर्थी) जरा उशिरा असेल त्या वर्षी, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीला, बांधण्याजोगी झालेली असतील. ती झाडावरून उतरवून माटोळीला बांधण्याचे काम दादांच्या हातून होऊ द्या.